देव विमलचंच ऐकतो

पवनीहून अड्याळमार्गे भंडाऱ्याला जाणारी सकाळची एसटी ड्रायव्हर सुरू करत नसे, विमल करत असे. ड्रायव्हर इंजिन तापवून स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला असायचा. दार लागलेलं असायचं. आणि दारापाशी खाकी गणवेशातली विमल कंडक्टर तिकिटाचं मशीन छातीशी धरून, डोळे मिटून उभी असायची. सगळी बस गप्प. मोबाइलवर मोठ्याने बोलणारा माणूसही तेवढ्यापुरतं "थांब, प्रार्थना चालू हाय" म्हणून फोन मांडीवर ठेवायचा. मग विमल हळूच "आमेन" म्हणायची, घंटीची दोरी दोनदा ओढायची आणि एसटी महामंडळाची गाडी जागची हलायची.

बसमध्ये ख्रिस्ती आम्ही दोघीच. ती आणि मी. बाकी सगळे अड्याळच्या बाजारला निघालेले, भंडाऱ्याच्या दवाखान्यात निघालेले, कोर्टाच्या तारखेला निघालेले हिंदू लोक. पण विमलने डोळे मिटले नाहीत तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मी पहिल्या बाकावर बसून हे चार वर्षं रोज बघितलं, आणि चारही वर्षं माझा जळफळाट झाला. सरळच सांगते, मला विमलचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

आता माझा हक्क काय होता तेही सांगते, म्हणजे उगीच कोणी मला खोडसाळ म्हणणार नाही. मी पाळकाची मुलगी. माझ्या बाबांनी भंडाऱ्यात आयुष्यभर उपासना चालवली. कोणतं वचन कोणत्या अध्यायात आहे हे मला झोपेतून उठवून विचारा. अड्याळच्या शाळेत मी मराठी शिकवते, त्यामुळे बोलणं स्वच्छ. पवनीत आमची मंडळी, म्हणजे रविवारी उपासनेला जमणारी घरं, जेमतेम बारा-तेरा. पाळक भंडाऱ्याहून एक रविवार आड येतात. ते येत नाहीत त्या रविवारी उपासना मी चालवते. प्रार्थना करताना मी "हे परम कृपाळू स्वर्गीय पित्या" अशी सुरुवात करते आणि शेवटपर्यंत एक शब्द चुकत नाही. लोक म्हणतात, मॅडम, किती सुंदर प्रार्थना केली! आणि घरात कोणी आजारी पडलं की विमलला बोलावतात.

विमल शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, वाचायची ते शिकायला नव्हे, वापरायला. दुसऱ्या बायकांच्या घरात जसा अडकित्ता किंवा सुई-दोरा असतो तसं. तिच्या खिशात एक छोटं शास्त्र असायचं, कडा काळ्या पडलेल्या, रेक्झिनचं कव्हर उललेलं. तिला अध्याय-ओवी काही सांगता यायचं नाही. "ते तिकडे हाय, उजव्या पानावर, खाली" एवढंच. पण पान मात्र बरोबर उघडायची. आणि मग त्या ओळीवर बोट ठेवून देवाला बोलायची, "हे तूच बोलला होतास ना? मी नाही बोलली. आता पाय बापा." माझ्या अंगावर काटा यायचा. माझ्या बाबांनी देवाशी कधी या आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही. ग्रामसेवकाशीसुद्धा आम्ही जरा दबून बोलतो.

एकदा अड्याळच्या स्टँडवर एका तरण्या माणसाने खिडकीतून रुमाल टाकून पुढची जागा धरली. बसमध्ये तोवर एक म्हातारी चढून त्याच जागेवर बसलेली. याने वर येऊन आरडाओरडा सुरू केला, माझा रुमाल होता, माझी जागा होती. विमलने शांतपणे तो रुमाल उचलला, म्हातारीला घाम पुसायला दिला आणि त्याला म्हणाली, "भाऊ, शास्त्रात लिवलं हाय, पुढची जागा धरून बसू नोको. कोणी उठवलं तं चारचौघात लाज वाटते. जाय, मांगं बस." तो खरंच मागे जाऊन बसला. कोणत्या शास्त्रात, हेही त्याने विचारलं नाही. ते वचन लग्नाच्या पंगतीतल्या मानाच्या जागेबद्दल आहे. माझ्या बाबांनी त्यावर तासभर उपदेश केलेला मी ऐकलाय, आणि त्या तासाभरात पुढच्या खुर्चीवरून एकही माणूस उठला नव्हता.

तिचं दुसरं आवडतं वचन उद्याची चिंता आज न करण्याचं. आपण सगळे ते म्हणतो आणि रात्री कूस बदलत पडतो. विमलने ते शब्दशः धरलं होतं. डेपोत दुसऱ्या दिवसाच्या ड्युट्यांचा तक्ता संध्याकाळी लागतो, सगळे कंडक्टर त्याला जत्रेसारखे चिकटतात. विमल बघायचीच नाही. "उद्याचं उद्या पायीन ना!" पहाटे येऊन मिळेल ती गाडी घ्यायची, आणि बहुधा तिला आमची अड्याळचीच मिळायची. असं करता करता एकदा ती स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी गणवेश घालून, डबा घेऊन हजर झाली. सगळा डेपो हसला. मलाही बरं वाटलं, म्हटलं आता कळेल. तर नेमका त्या दिवशी एक कंडक्टर आला नाही, गाडी रद्द व्हायची वेळ आली होती आणि तिथे विमल डब्यासकट उभी! साहेबांनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. चूकही जिची सरळ पडते तिचं माणसाने काय करावं?

ती रजेवर गेली की माझी परीक्षा असायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा एक आजी मला म्हणाल्या, "मॅडम, तुमी बी त्याच देवाच्या ना? मंग करून टाका ना तुमीच." मला मनातून इतका आनंद झाला की मी उभीच राहिले. बाबांची सगळी प्रार्थना म्हटली. सृष्टीच्या निर्मितीपासून सुरुवात केली, राज्यकर्ते घेतले, आजारी घेतले, प्रवाशांसाठीच्या ओळीवर यायच्या आत ड्रायव्हरने क्लच दाबला. निम्म्या वाटेवर गाडी पंक्चर झाली. दुसऱ्या दिवशी आजींनी विमलला माझ्यादेखत सांगितलं, "काल मॅडमनं केली होती. पण हवा कमी पडली." विमल हसली नाही. म्हणाली, "टायर जुनं होतं आजी." तिने माझी बाजू घेतली याचाच मला जास्त राग आला.

मला मोठं काही नको होतं. समुद्र दुभंगायला नको होता. एकदा, फक्त एकदा, मी काहीतरी मागावं आणि ते माझं ऐकलं गेलंय हे मला समजावं, एवढंच हवं होतं. पन्नाशी उलटली तरी मला ते समजलं नव्हतं. प्रार्थना करून उठले की वाटायचं, आपण सरकारी खिडकीवर बोललो आणि खिडकीमागे खुर्ची रिकामी होती. आणि विमलची खिडकी कायम उघडी!

त्यातच माझ्या शेरॉनच्या साखरपुड्याचा प्रकार घडला. शेरॉन माझी एकुलती एक, नागपूरला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. दसऱ्यानंतरच्या शनिवारी घरापुढे मांडव घातला होता. पाऊस पडू नये म्हणून मी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ प्रार्थना केली. तिकडे विमलच्या नवऱ्याचं, मनोहरचं धान निसवत होतं, लोंबी बाहेर पडत होती, आणि तलावाचं पाणी त्यांच्या बांधीपर्यंत पोचलं नव्हतं. एक पाणी मिळालं तर पीक, नाही तर तणस. म्हणजे दोन्ही अर्ज एकाच साहेबाकडे गेले होते. शनिवारी दुपारी असा पाऊस कोसळला की मांडवाचं कापड पोट सुटल्यासारखं खाली आलं, मटणाच्या डेगीत पाणी गेलं, आणि नवऱ्यामुलाच्या आईची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली. साखरपुडा शेवटी प्रार्थनामंदिरात उरकला. संध्याकाळी विमल भिजून ओलीचिंब आली, तोंडभर हसत.

"पडला मॅडम! पडला बापा!" मग तिचं माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

"तुले माहीत नव्हतं का आज साखरपुडा हाय म्हणून?" मी विचारलं. राग आला की माझी शुद्ध मराठी कुठल्या कुठे जाते.

"माहीत होतं ना. म्हनून तं मी त्याले म्हटलं, पवनी सोडून पाड." ती खरोखरच ओशाळली होती. "पन आभाय एवढं मोठं. तेवढं पवनी सोडून पाडाले त्याले बी कोठी जमते?"

शेरॉन पोट धरून हसली. तिने विमलमावशीला टॉवेल दिला, स्वतःच्या हाताने केस पुसून दिले, आपल्या ताटातला लाडू भरवला. मी आत जाऊन डेगीतलं पाणी उपसत बसले.

दिवाळीनंतर शेरॉनला डेंग्यू झाला. आधी साधा ताप वाटला. तिचे पप्पा नागपूरला गेले, मी शाळेमुळे मागे राहिले. एक दिवस पहाटे त्यांचा फोन आला. प्लेटलेट एकदम उतरल्या होत्या, हिरड्यांतून रक्त येत होतं, तिला अतिदक्षता विभागात हलवलं होतं. "तू निघ" एवढंच म्हणाले. उजाडता उजाडता स्टँडवर आले. भिवापूर, उमरेडवरून नागपूरला जाणारी पहिली गाडी लागलेली होती आणि दारात विमल होती.

तिने नेहमीसारखे डोळे मिटले. गाडी गप्प झाली. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं आता काळजी नाही, आता हिला सांगितलं की झालं. माझा सगळा हेवा, सगळा ताठा मी त्या क्षणी गुंडाळून ठेवला होता. गाव मागे पडल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"काय झालं मॅडम? तोंड कायले उतरलं?"

मी सांगितलं. तिने सगळं नीट विचारून घेतलं, जवळ कोण आहे, रक्ताची सोय झाली का, डॉक्टर काय म्हणतात. मी म्हटलं, "विमल, तू प्रार्थना कर. तुयं तो आयकते."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नाही करत मॅडम."

मला वाटलं, गाडीच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं.

"या हप्त्यात माहं त्याच्यासंगं बोलनं बंद हाय."

"आता तं डोये मिटून उभी होतीस!"

"ते लोकायसाठी. त्यायची सवय मोडू नये म्हनून. आतमधून मी गप होती." मशीनच्या पट्ट्याशी तिचा हात चाळा करत होता. "याच हप्त्यात माहा पोरगा गेला. सात वर्साचा होता. असाच ताप. मी शास्त्र उघडलं, वचनावर बोट ठेवलं, म्हटलं तूच बोलला हायस, आता कर. आख्खा दिवस बोट उचललं नाही मी. शेवटी सिस्टरनं उचललं."

विमलला मूल नाही एवढंच मला माहीत होतं. होतं, हे माहीत नव्हतं. पवनीत मी आले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

"मंग?"

"मंग काय? लय भांडली मी. लय बोलली त्याले. किती दिवस भांडन? आता वर्सभर आमचं चांगलं रायते. हा एक हप्ता तेवढा मी बोलत नाही. त्याले बी ठाऊक हाय. तो बी गप रायते."

माझी मुलगी तिकडे मरणाच्या दारात होती, आणि तरी सांगते, त्या बसमध्ये मला विमलचा कधी नव्हता इतका हेवा वाटला. रुसायलासुद्धा माणूस जवळचं लागतं. मी देवावर आयुष्यात कधी रुसले नव्हते. लांबच्या, मोठ्या पाहुण्याशी वागावं तशी मी त्याच्याशी वागत आले होते, आणि ही त्याच्याशी अबोला धरून बसली होती.

"तुमी बोला," विमल म्हणाली. "आई तुमी हाव. तुमचं तं काही भांडन नाही ना त्याच्यासंगं?"

मी डोळे मिटले. हे परम कृपाळू स्वर्गीय पित्या. पुढचं वाक्य आलं, आणि त्याच्या पुढचं येईना. बाबांची प्रार्थना मला पाठ आहे हो, पण त्या प्रार्थनेत शेरॉन कुठेच नव्हती. मग माझ्या तोंडून जे निघालं ते शाळेत शिकवण्यासारखं नव्हतं.

"माही पोरगी दे. ते मायाकडे एकच हाय. तू त्या विमलचं आयकते. तिचं धान पिकवते, माहा मांडव पाडते. तिले धड अध्याय सांगता येत नाही, तरी तू तिले हो म्हनते. मी लहानपनापासून तुयापुढे हात जोडून उभी हाय, मले काय भेटलं? कधी मांगितलं मी काही? आता मांगून राहिली. एकडाव माहं आयक. एकडाव!"

हे मी विमलच्या शेजारी बसून, तिचं नाव घेऊन, रडत, मोठ्याने म्हटलं. पुढच्या दोन बाकांवरच्या लोकांनी माना खाली घातल्या. विमलने खिशातलं शास्त्र काढून उघडलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझं बोट धरून एका ओळीवर टेकवलं. स्वतःचं नाही ठेवलं. भिवापूर आलं तशी ती उठून तिकिटं द्यायला गेली. ती ओळ कोणती होती ते मी वाचलं नाही. डोळ्यांपुढे अक्षर दिसत नव्हतं, पण बोट मी उमरेड गेलं तरी उचललं नाही.

शेरॉन वाचली. दोन दिवस आम्ही काचेतून बघत काढले, मग आकडे चढायला लागले, आणि एका दुपारी तिने वरण-भात मागितला. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून हसले. ऐकलं होतं. माझं ऐकलं होतं!

नाताळाच्या आधी आम्ही घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली. आमच्यात पद्धत आहे, देवाने काही मोठं केलं की चार माणसं बोलावून सगळ्यांसमोर उभं राहून ते सांगायचं. याला साक्ष देणं म्हणतात. मी आयुष्यात खूप प्रार्थना चालवल्या, पण साक्ष कधी दिली नव्हती, देण्यासारखं काही नव्हतंच. त्या दिवशी होतं. मी नवी साडी नेसले. मंडळी आली, शेजारपाजार आला, नागपूरच्या त्या गाडीचा ड्रायव्हरही आला. विमलला संध्याकाळची ड्युटी होती, म्हणून ती गणवेशातच आली.

गीत झालं, पाळक बोलले, आणि मी पदर सावरून उठणार तोच शेरॉन उठली. अजून अशक्त होती, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. म्हणाली, "मी आज तुमच्यासमोर उभी आहे ती विमलमावशीच्या प्रार्थनेने. मम्मीला गाडीत धीर देऊन मावशीने प्रार्थना केली, आणि त्याच दिवसापासून मला उतार पडला." तिला हे ज्याने सांगितलं होतं त्या ड्रायव्हरने लगेच मान डोलावली, "मी आरशात पायलं ना! दोघी बी डोये मिटून बसल्या होत्या." सगळ्या घरातून "हालेलूया" निघाला. मी अर्धी उठलेली तशीच परत बसले.

विमल मागून उभी राहिली. "नाही, नाही. माही प्रार्थना नव्हती ते. मॅडमची होती. मी तं त्या हप्त्यात त्याच्यासंगं बोलतच नव्हती."

सगळे हसले. अगदी प्रेमाने हसले. पाळक म्हणाले, "बघा, नम्रता म्हणतात ती ही." विमल परत म्हणाली, "खरंच सांगून राहिली, बाप्पा!" तर आणखी हसले, आणि कोणीतरी पुढचं गीत सुरू केलं. माझी साक्ष राहून गेली. नंतर उठून "तिचं खरं आहे, माझीच प्रार्थना होती" असं कसं सांगणार? जन्मात एकदा देवाने माझं ऐकलं, आणि तेही विमलच्या नावावर जमा झालं.

मी शेरॉनसाठी रजेवर होते, आणि त्या सभेनंतर दोनच दिवसांत तिची बदली पार गडचिरोलीकडे झाली. मनोहरने शेती भावाला दिली आणि दोघं गेली. त्यामुळे त्या संध्याकाळचं तिचं दर्शन माझ्यापुरतं शेवटचंच. लोक अंगणात जेवत होते. ती मागच्या नळावर हात धूत होती, ड्युटीची वेळ होत आली होती. मी तिथे गेले.

"तू खरं सांगितलं तरी कोनी मानलं नाही," मी म्हटलं.

"तुमाले ठाऊक हाय, त्याले ठाऊक हाय. आनखी कोनाले पायजे?"

"मले पायजे होतं," मी म्हटलं. "साऱ्या गावाले कळाले पायजे होतं."

ती हसेल असं वाटलं होतं. तिने नळ बंद केला, ओढणीला हात पुसले. म्हणाली, "मॅडम, तुमी लय उशिरा आल्या पवनीले. माहा पोरगा होता तवा याले पायजे होतं."

तेवढ्यात शेरॉन भिंत धरत धरत मागच्या दारात आली. "मावशी, जेवल्याशिवाय जायचं नाही हां!" विमल पायऱ्या चढून तिच्याजवळ गेली. तिचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला. मग शेरॉनच्या खांद्यावरून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी बघताक्षणी ओळखली. चार वर्षं रोज सकाळी पहिल्या बाकावरून मी तिच्याकडे त्याच नजरेने बघत आले होते.